‘वेबमेल पुरते’ हे मत अपुरे आहे

ईमेलसाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम कशाला, हा प्रश्न हल्ली उत्तर गृहीत धरूनच विचारला जातो. ब्राउझर उघडा, जीमेल उघडा, काम झाले. मोझिलाच्या थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रामचे नाव काढले तर समोरचा माणूस आपण फॅक्स मशीनची चौकशी केल्यासारखा पाहतो. संगणक दुरुस्त करायला येणारा मुलगा, कार्यालयातला ‘आयटी’वाला, घरातली कॉलेजात जाणारी मंडळी, सगळ्यांचे यावर एकमत. इतके सहज एकमत झाले, की ते एकदा उलटेपालटे करून पाहावेसे वाटते.

वादाची आपली जुनी शिस्त अशी, की पूर्वपक्ष आधी मांडायचा आणि प्रतिपक्षाने मांडला असता त्याहून सकस मांडायचा. तसा तो मांडायला या बाबतीत कष्टही पडत नाहीत, कारण त्यात बरेच तथ्य आहे.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. तेव्हा मेल वाचायची म्हणजे मोडेमने लाइन जोडायची, आलेली पत्रे संगणकात उतरवून घ्यायची आणि बिल फुगायच्या आत लाइन तोडून मग निवांत वाचत बसायचे. त्यासाठीचे प्रोग्राम उत्तम होते. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला युडोरा, न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा पेगॅसस. पण त्यांना स्वतःचा संगणक लागे, आणि तो किती घरांत होता? मग ४ जुलै १९९६ ला साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. भाटियांच्या शाळेची काही वर्षे पुण्याच्या बिशप्समध्ये गेली, हे पुणेकर अजून सांगतात. पाठोपाठ मुंबईतून रेडिफमेल आले. गल्लीतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या, स्वतःचा संगणक नसलेल्या मुलाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळाला. अमेरिकेत गेलेल्या मुलाचे पत्र वाचायला आईवडील रविवारी कॅफेत जाऊ लागले. वेबमेलने केलेले हे काम लहान नव्हे, आणि डेस्कटॉपवाल्यांना ते कधीच जमले नसते.

२००४ च्या १ एप्रिलला गूगलने जीमेल आणले ते १ जीबी जागा देऊन. हॉटमेल त्या वेळी २ एमबी देत होते. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. पत्र पुसायची गरजच उरली नाही. ठेवून द्यायचे आणि लागेल तेव्हा शोधायचे. उलट डेस्कटॉपवर काय चालले होते? मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्या सगळा पत्रव्यवहार एका पीएसटी फाइलीत कोंबत, तिला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल बिघडे. वर्षानुवर्षांची पत्रे अशी गेलेली माणसे आजही भेटतात. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस आउटलुकच्याच पत्त्यांच्या यादीतून जगभर पसरला. शेवटी २०१२ मध्ये खुद्द मोझिलानेच जाहीर केले, की थंडरबर्डमध्ये नवे काही घडवणे हे आता आपले प्राधान्य नाही. जन्मदात्यानेच हात काढून घेतल्यावर आणखी पुरावा कसला हवा?

हा झाला पूर्वपक्ष. आता त्याची तपासणी.

पहिला आक्षेप, डेस्कटॉप मेल एका यंत्राला बांधलेली असते. हा आरोप चुकीच्या आरोपीवर आहे. पत्रे सर्व्हरवरून उतरवून घ्यायची आणि तिथली प्रत पुसून टाकायची, ही जुन्या पॉप पद्धतीची सवय होती, आणि तिच्यातही ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ हा पर्याय होताच. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्येच आयमॅप या पद्धतीचा पाया घातला होता. तिच्यात पत्रे सर्व्हरवर राहतात. घरचा संगणक, कार्यालयातला संगणक आणि प्रवासातला लॅपटॉप तिन्हींत तीच पेटी दिसते. म्हणजे ‘कुठूनही उघडा’ हा विचार हॉटमेलच्या जन्माआधी दहा वर्षांपासून होता. प्रोग्राम आणि पद्धत यांची गल्लत केली, की मग ज्या दोषासाठी पॉपला बोल लावायचा तो थंडरबर्डच्या माथी बसतो.

आणि आपण फोनवर मेल कशात वाचतो? ब्राउझरमध्ये जाऊन कोणी वाचत नाही. फोनमध्ये अ‍ॅप असते, म्हणजे वेगळा प्रोग्रामच. तो अलीकडची काही दिवसांची पत्रे फोनमध्ये उतरवून ठेवतो, म्हणून लोणावळ्याच्या बोगद्यात रेंज गेली तरी काल आलेले तिकीट उघडते. ‘वेगळ्या प्रोग्रामचा जमाना गेला’ असे म्हणणारा माणूस दिवसभर हातात वेगळा प्रोग्रामच घेऊन फिरत असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गूगलसारखी कंपनी पत्रे जपेल तशी तुम्ही घरच्या हार्ड डिस्कवर जपाल का? यंत्राच्या बिघाडापुरते बोलायचे तर नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही. तरी या बाजूने ज्या प्रसंगाची साक्ष काढता येईल, तो प्रसंग नीट पाहावा. २०११ च्या फेब्रुवारीअखेर एका रविवारी काही जीमेलधारकांनी खाते उघडले तर आत एकही पत्र नव्हते. अशांचे प्रमाण गूगलने ०.०२ टक्के सांगितले, पण जीमेलच्या आकारमानात ही माणसेही हजारांत जातात. काही दिवसांत बहुतेकांची पत्रे परत आली. ती कशी आली हे महत्त्वाचे आहे. गूगल प्रत्येक पत्राच्या प्रती वेगवेगळ्या केंद्रांत ठेवते. पण दोष साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्येच शिरला होता आणि त्याने सगळ्या चालू प्रती पुसल्या. वाचल्या त्या चुंबकीय टेपांवरच्या, कारण टेपा त्या यंत्रणेला जोडलेल्या नव्हत्या. त्या वेळी गूगलनेच हे कारण दिले होते. म्हणजे एवढ्या मोठ्या वेबमेललाही अखेर तारले ते जाळ्याबाहेर ठेवलेल्या प्रतीने. या प्रसंगातून ‘बघा, गूगलने परत दिले’ एवढेच काढणारा अर्धाच धडा वाचतो.

शिवाय पत्रे फक्त यंत्राच्या बिघाडाने जात नाहीत. ती नियमानेही जातात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे घेतला आणि डिसेंबर २०२३ पासून तो अमलातही आणला. फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत वाटलेली आहे. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली, की नवी पत्रे येणे थांबते. आणि पासवर्ड? आपल्याकडच्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घ्या. संस्थेचा मेल पत्ता कोण्या एका सेक्रेटरीने आपल्या मोबाइल क्रमांकावर काढलेला असतो. कमिटी बदलते, सेक्रेटरी मुलाकडे बंगळूरला राहायला जातात, त्यांचा क्रमांक बदलतो. नवे सेक्रेटरी पासवर्ड टाकतात, कंपनीला नवा संगणक दिसतो, ती ओटीपी जुन्या क्रमांकावर पाठवते. बिल्डरशी झालेला कन्व्हेयन्सचा पत्रव्यवहार, लिफ्टच्या कंत्राटाची बोलणी, निबंधक कार्यालयाची उत्तरे, सगळे शाबूत आहे, फक्त संस्थेला ते पाहता येत नाही. कोणाची हार्ड डिस्क उडालेली नाही, कोणी काही पुसलेले नाही. तक्रार करायला खिडकीसुद्धा नाही, कारण फुकटच्या ग्राहकाला खिडकी नसते.

पैसे भरणाऱ्याला तरी ती असते का? जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीचे काय झाले ते पाहा. मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडिनारला, भागधारकांत रशियाची रोसनेफ्ट. युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या; कर्मचाऱ्यांना आउटलुकची मेल उघडेना. परवान्याचे पैसे भरलेले असूनही आपलीच माहिती आपल्याला मिळत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. महिना संपायच्या आत सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात कंपनीने रेडिफची मेलसेवा घेतल्याच्या बातम्या आल्या, हा त्यातला मजेदार भाग. निर्बंध योग्य होते की नव्हते, तो वाद निराळा. भारतीय कायद्याने कसलाही मज्जाव केलेला नसताना भारतातल्या कंपनीची मेल भारताबाहेर ठरलेल्या निर्णयाने बंद पडू शकते, एवढे त्यातून सिद्ध होते. डेस्कटॉपचा प्रोग्राम असता म्हणून नवी पत्रे आलीगेली असती असे नाही. पण जुनी पत्रे स्वतःच्या डिस्कवर उतरवलेली असती, तर ती मिळवायला वकील लागला नसता.

माझा मुद्दा हा एवढाच आहे. मेल कुठे वाचायची हा सोयीचा प्रश्न आहे, आणि सोयीत वेबमेल जिंकली आहे. मेलची प्रत कोणाच्या ताब्यात आहे, हा हक्काचा प्रश्न आहे. प्रचलित मत पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसराही सुटला असे समजून चालते. बँकेचे स्टेटमेंट दर महिन्याला येते म्हणून कोणी व्यापारी आपला रोजमेळ लिहायचे सोडत नाही.

‘पण गूगल सगळी पत्रे उतरवून देतेच की,’ असे यावर म्हटले जाते. खरे आहे. डिसेंबर २०१३ पासून जीमेलसाठी टेकआउट नावाची सोय आहे, आणि तिच्याबद्दल गूगलला श्रेय द्यायलाच हवे. मागणी नोंदवली की काही तासांनी किंवा दिवसांनी एमबॉक्स प्रकारची भलीमोठी फाइल मिळते. ती उघडणार कशाने? ब्राउझरमध्ये ती उघडत नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर इंग्रजी पत्रे जेमतेम वाचता येतील, मराठी नाही, कारण प्रवासासाठी देवनागरी मजकुराचे रोमन अक्षरांत सांकेतिक रूपांतर केलेले असते आणि नोटपॅडला ते उलगडता येत नाही. ती फाइल वाचायला लागतो तो थंडरबर्डसारखाच प्रोग्राम. म्हणजे वेबमेलमधून बाहेर पडायचा अधिकृत रस्तासुद्धा डेस्कटॉपच्याच दाराशी येऊन थांबतो.

शोधाची बाब. इथे पूर्वपक्षाला सहज गुण द्यावेत. जीमेलचा शोध वेगवान आहे आणि इंग्रजीत तर लाजवाब. मराठीत मात्र एक अडचण आहे, आणि ती इंग्रजी डोळ्याला दिसत नाही. जीमेलचा शोध मुख्यतः अख्ख्या शब्दावर चालतो. शब्दाचा तुकडा देऊन फारसे हाती लागत नाही. आपली भाषा तर नामाला विभक्ती लागली की रूप बदलणारी. ‘पुणे’ शोधले तर ‘पुण्याहून पाठवलेले हस्तलिखित’ सापडेलच असे नाही. ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्याच्या’ हे वेगवेगळे टंकून बघत बसा. थंडरबर्डमधल्या झटपट गाळणीत ‘पुण्या’ एवढा तुकडा टाकला, की ही सारी रूपे एकदम खाली उतरतात, कारण ती शब्द पाहत नाही, अक्षरांची माळ जुळवते. दिवाळी अंकाच्या संपादकाला सप्टेंबरात हे किती उपयोगी पडते ते त्यालाच विचारावे. लेखकांची अर्धी पत्रे मराठीत, विषयाची ओळ रिकामी, आणि जोडलेल्या फाइलीचे नाव ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’.

पुराव्याची बाजूही आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची मूळ प्रत न आणता नक्कल सादर करायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र टाळता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलीचा बोटाचा ठसा; एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. ब्राउझरमधून काढलेल्या कागदी प्रिंटला असा ठसा नसतो. पत्राच्या मूळ फाइलीला असतो. थंडरबर्डमध्ये पत्र उघडून कंट्रोल आणि यू दाबले, की मूळ मजकूर समोर येतो: वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने आपापली ‘मिळाले’ अशी ओळ वर चढवलेली, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा, प्रत्येक ओळीत वेळ, भारतीय यंत्र असेल तर बहुधा अधिक ०५३०, आणि पाठवणाऱ्या सर्व्हरची सांकेतिक सही. जीमेलमध्येही ‘मूळ दाखवा’ हा पर्याय मेनूत आहे, तो नाकारत नाही. फरक इतकाच, की खाते बंद झाले की तो मेनूही बंद.

आता मंडन करताना आपल्या बाजूच्या उत्साही मंडळींचेही थोडे खंडन करायला हवे, कारण डेस्कटॉपची बाजू त्यांनीच जास्त बिघडवली आहे. ‘डेस्कटॉप वापरला की पत्रे खाजगी राहतात’ हे म्हणणे पोकळ आहे. पत्र सर्व्हरवरूनच येते आणि समोरच्या माणसाचे खाते बहुधा जीमेलवरच असते. भाटिया आणि स्मिथ यांना वेबमेल सुचली ती नोकरीतल्या मालकाच्या नजरेआड एकमेकांना निरोप देता यावेत म्हणून, असे सांगितले जाते; त्याच वेबमेलमध्ये जाहिराती निवडण्यासाठी जीमेल २०१७ पर्यंत ग्राहकांच्या पत्रांचा मजकूर यंत्राकडून चाळून घेत होते. पण यावर उतारा थंडरबर्ड नव्हे, सांकेतिक लिपीत पाठवणे हा आहे, आणि ते शंभरात एखादाही करत नाही.

दुसरा भ्रम याहून घातक. आयमॅपने खाते जोडले, पत्रे संगणकात दिसू लागली, म्हणजे प्रत आपल्याकडे आली असे अनेक जण समजतात. नाही आली. आयमॅप म्हणजे सर्व्हरवर जे आहे त्याचे इथले प्रतिबिंब. तिथे पत्र पुसले गेले की इथूनही जाते, आणि इमानेइतबारे जाते. २०११ सारखा प्रसंग आला तर रिकामी पेटी तितक्याच तत्परतेने तुमच्या संगणकात उमटेल. ताब्यात येते ते फक्त वेगळ्या स्थानिक फोल्डरमध्ये नक्कल केलेले पत्र.

आणि ‘डेस्कटॉप’ नावाचे सगळेच डेस्कटॉप राहिलेले नाही. विंडोजबरोबर येणारा साधा मेल प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने २०२४ अखेर बंद केला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवले. या नव्या आउटलुकला तुम्ही दुसऱ्या कंपनीचे खाते जोडलेत, तर ती पत्रे आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जातात आणि तिथून तुम्हाला दिसतात. दिसायला खिडकी संगणकावरची, कारभार वेबचाच. वर आणखी एक मध्यस्थ वाढला तो वेगळाच. यापेक्षा सरळ ब्राउझर बरा.

राहिला मोझिलाचा कबुलीजबाब. २०१२ मध्ये हात काढला, हे खरे. पुढचे कोणी सांगत नाही. थंडरबर्ड मेला नाही. स्वयंसेवकांनी तो चालवला, मोझिला फाउंडेशनने पुन्हा आश्रय दिला, २०२० मध्ये त्याच्यासाठी वेगळी उपकंपनी झाली. २०२२ या एका वर्षात वापरणाऱ्यांनी सुमारे ६४ लाख डॉलरच्या देणग्या दिल्या. फुकट मिळणाऱ्या, जाहिरात नसलेल्या प्रोग्रामला लोकांनी आपखुशीने दिलेले हे पैसे. त्याच प्रकल्पात सामील झालेल्या के-नाइन मेलच्या पायावर २०२४ मध्ये अँड्रॉइडवरचा थंडरबर्डही आला. व्हायरसच्या आक्षेपाबद्दल इतकेच, की तो २००० सालच्या आउटलुकबद्दल खरा होता. आज फसवणूक बहुतांशी खोट्या लॉगिन पानांवरून होते, आणि ती पाने ब्राउझरमध्येच उघडतात.

हा सगळा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मी म्हणत नाही. ज्याच्या पेटीत ओटीपी, कूपने आणि जेवण मागवल्याच्या पावत्या येतात, गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर होतात, त्याला वेबमेल पुरते आणि उरते. त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल. पण वकील, संपादक, संशोधक, छोटा कारखानदार, चार्टर्ड अकाउंटंट, एखाद्या संस्थेचा चिटणीस, अशांच्या बाबतीत पत्रव्यवहार हाच कामाचा दस्तऐवज असतो. तो दुसऱ्याच्या नियमांवर, दुसऱ्याच्या मर्जीवर आणि एका मोबाइल क्रमांकावर सोडून देणे हा निष्काळजीपणा आहे, आणि ‘आता सगळे असेच करतात’ हे त्याचे समर्थन होत नाही.

त्यांना दोनच्या दोन कामे सांगतो. रोजची मेल खुशाल ब्राउझरमध्ये वाचा, पण महिन्यातून एकदा थंडरबर्ड उघडून महत्त्वाची पत्रे स्थानिक फोल्डरमध्ये घ्या. घेताना ‘नक्कल करा’ हा पर्याय निवडा, ‘हलवा’ नको. हलवलेत तर सर्व्हरवरची प्रत जाईल आणि पुन्हा एकच उरेल. मग इंटरनेट बंद करून एखादे जुने पत्र त्याच्या जोडपत्रासकट उघडते का ते पाहा, आणि उघडले तर तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा.